माझ्यासमोर उघडले, माझ्यासमोर बांधले

३ तारीख, सोमवार

आणि वर ऐकवतात की राहायला खोली फुकट दिली आहे. फुकट कसली. खिडकीला काच नाही, नळाला पाणी नाही, दाराची कडी आतून लागत नाही, बाहेरून मात्र झकास लागते. मी हेडक्लार्कला तोंडावर सांगितलं की मी इथे कामाला आले आहे, शिक्षा भोगायला नाही. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, बाई, या खोलीत पूर्वी आरोपी बसवायचे, त्यांनी कधी तक्रार केली नाही. बाजूचे दोघं हसले. मीही हसले, खोटं कशाला लिहू. नोकरी लागल्याचा आनंद होता. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी चौथी शिकलेल्या बाईला कोण विचारतो.

ही वही वकीलबाईंनी दिली. म्हणाल्या, ताई, रोज जे दिसेल ते तारखेसकट लिहा, कोर्टाला तारीख लागते. मला लिहायला वेळ लागतो, पण लागू दे.

काम असं. हे फौजदारी कोर्ट महिनाअखेर बंद होणार. सगळं नदीपलीकडच्या काचेच्या इमारतीत जाणार. तळघरातल्या खोलीत जुन्या खटल्यांचा मुद्देमाल आहे, म्हणजे पोलिसांनी जप्त करून आणलेल्या वस्तू. सुऱ्या, कपडे, कुलपं, चपला. झाडायचं, ट्रंका ओढायच्या, पुडकी वर आणून द्यायची. ठेवायचं ते नव्या कोर्टात, बाकीचं भट्टीत. करड्या रंगाचा कोट दिला आहे, पाठीवर नारिंगी पट्टा. घातला की मी रस्ता खोदणाऱ्यासारखी दिसते.

४ तारीख, मंगळवार

मी ही नोकरी का धरली ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी फाटे फोडायला नकोत.

माझा धाकटा भाऊ बावीस वर्षं तुरुंगात आहे. वीस वर्षांचा होता. ज्या दुकानात कामाला होता त्याचा मालक मेला, सुरीने. पोलीस म्हणाले, सुरी याच्या पेटीत मिळाली, दोन साक्षीदारांसमोर. ती पेटी मी स्वतः भरून दिली होती. दोन सदरे, एक टॉवेल, कंगवा. सुरी कुठून येणार. पण दोन साक्षीदार होते. पहिला केव्हाच मेला. दुसरी एक बाई होती, तिचा पत्ता आजवर कुणाला लागला नाही.

वकीलबाई म्हणतात, दोनच गोष्टी त्याला सोडवू शकतात. ते पुडकं भट्टीत जायच्या आत मिळालं पाहिजे, आणि ती बाई मिळाली पाहिजे. तिने एकदा म्हटलं पाहिजे की मी काही पाहिलं नाही, न बघता अंगठा दिला. की धाकटा सुटला.

पुडक्याचा नंबर एकशे सत्तेचाळीस. मी इथे झाडू मारायला आलेली नाही, मी एकशे सत्तेचाळीस शोधायला आले आहे. झाडूही मारते, तो भाग वेगळा.

५ तारीख, बुधवार

इथे एक शिपाई आहे, त्याला सगळे होयबा म्हणतात. साहेबांनी दिवसाला रात्र म्हटलं तरी हा कंदील आणेल. दुसरा लाखवाला, म्हातारा, पुडक्यांवर लाख वितळवून सील मारतो. चाळीस वर्षं तेच. त्याच्या बोटांना लाखेचा वास, जेवतानासुद्धा.

डबा खाताना लाखवाल्याने कोर्टाची कुळकथा सांगितली. शहराचं पहिलं फौजदारी कोर्ट धान्याच्या गोदामात भरायचं. साक्षीदार पोत्यांवर बसायचे, न्यायाधीश तेवढे खुर्चीत. ते जळालं. दुसरं तुरुंगाच्या भिंतीला लागून, मधे एक दार. निकाल लागला की माणूस रस्ता न बघताच आत. ते अपुरं पडलं तेव्हा हे तीन मजली दगडी बांधलं. आता हेही अपुरं. मी म्हटलं, दर वेळी कोर्टच अपुरं पडतं, गुन्हा कधी अपुरा पडत नाही का. तो म्हणाला, गुन्हा पडला अपुरा तरी चालतं बाई, साक्षीदार पडून चालत नाही. होयबा म्हणाला, अगदी बरोबर. तो सगळ्यालाच तसं म्हणतो.

६ तारीख, गुरुवार

आज नवीन काम गळ्यात पडलं. पुडकं उघडून पुन्हा बांधलं की त्यावर चिठ्ठी चिकटवतात. छापील मजकूर आहे: माझ्यासमोर उघडले, माझ्यासमोर बांधले. खाली दोन साक्षीदार. एक होयबा, दुसरी मी. मी सही करायला बसले तर हेडक्लार्क घड्याळ बघायला लागला. म्हणाला, चार अक्षरांना पाव तास, बाई, आपल्याला इमारत याच जन्मात खाली करायची आहे, अंगठा दे. मला सही येते. मी तसं ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, येत असेल, पण आज नको येऊ दे.

आणि पुडकं एकेक कोण उघडत बसणार, म्हणून सकाळीच कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा समोर ठेवला. शंभर अंगठे एका दमात. चिठ्ठ्या नंतर लागतील तशा लावायच्या. मीच म्हटलं, आटपा लवकर, मला तळघरात ट्रंका आहेत. मला एकशे सत्तेचाळीसची घाई होती.

दुपारी ट्रंकेचं झाकण हातावर पडलं. अंगठा तिरपा चिरला, नखापासून पेरापर्यंत.

७ तारीख, शुक्रवार

पट्टी सोडायला लावली. अंगठ्याशिवाय काम अडतं म्हणे. शंभर चिठ्ठ्या. पहिल्या दहांवर शाईत रक्त मिसळलं. प्रत्येक ठशावर चिरेची पांढरी तिरपी रेघ उठते. होयबा म्हणाला, बरं झालं, तुझा ठसा आता हजारात ओळखू येईल.

१० तारीख, सोमवार

शंभर. तळघरात एकशे तीसपर्यंतची पुडकी मिळाली. एका पुडक्यात लहान मुलाची चप्पल होती, एकच. मी कुणाला काही विचारलं नाही.

धाकट्याचं पत्र वकीलबाईंकडे आलं. खोकला कमी आहे असं लिहितो. कमी असता तर लिहिलं नसतं.

१३ तारीख, गुरुवार

मिळालं. खिडकीच्या जाळीखालच्या ट्रंकेत, अगदी तळाला. एकशे सत्तेचाळीस. कापड पिवळं पडलं आहे, लाख तडकली आहे. आत लांबट काहीतरी. मी उघडलं नाही, वकीलबाईंनी बजावलं आहे की सील तुटलं तर सगळं मुसळ केरात.

वर चिठ्ठी. तेव्हाही मजकूर हाच होता. कागद चहाच्या रंगाचा झाला आहे. पहिल्या साक्षीदाराची सही. दुसरा अंगठा.

त्या अंगठ्यावर तिरपी रेघ आहे, नखापासून पेरापर्यंत.

मी स्वतःला म्हटलं, तिचाही चिरला असेल. कामाच्या बायकांचे अंगठे चिरतातच.

पुडकं ट्रंकेत परत ठेवलं. मिळाल्याचं वकीलबाईंना कळवलं. त्या आनंदाने ओरडल्या म्हणे, त्यांच्या कारकुनाने सांगितलं.

१४ तारीख, शुक्रवार

अर्धा दिवस रजा घेऊन वकीलबाईंकडे गेले. जुन्या खटल्याच्या नकला आल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या साक्षीदाराची जबानी वाचून दाखवली. बाई, वय अठ्ठेचाळीस, धंदा साफसफाई. पेटी माझ्यासमोर उघडली. मग आपल्या तेव्हाच्या वकिलाने तिला विचारलं की कोऱ्या कागदावर अंगठा दिलास ना. त्यावर ती म्हणाली: मी काय आंधळी आहे? न बघता अंगठा द्यायला मला वेड नाही लागलेलं.

वकीलबाई थांबल्या आणि हसल्या. म्हणाल्या, ताई, अगदी तुमच्यासारखी बोलते.

मला हसू आलं नाही.

मी त्या दिवशी कोर्टात होते. सव्वीस वर्षांची, मागच्या बाकावर. साक्षीदाराचा पिंजरा पुढे तोंड करून असतो, त्यामुळे त्या बाईची मला फक्त पाठ दिसली. तिचं ते वाक्य ऐकून मी उठून ओरडले होते की तुझा हात झडो, तुझं वाटोळं होवो. मला शिपायाने धरून बाहेर काढलं. बावीस वर्षं मी त्या पाठीला शिव्या देत आले.

त्या पाठीवर नारिंगी पट्टा होता. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता, पण बाई बघताना पट्टा कोण बघतो.

हे कोट ठेकेदाराने या वर्षी आणले आहेत. होयबाला विचारून खात्री केली.

१७ तारीख, सोमवार

लाखवाल्याकडे भिंग आहे. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा एकशे सत्तेचाळीसची चिठ्ठी आणि आज सकाळची चिठ्ठी शेजारी ठेवली.

एकच अंगठा आहे. रेघेला खालच्या टोकाला एक फाटा फुटतो, तोसुद्धा. ती चीर मला अकरा दिवसांपूर्वी पडली. कागद बावीस वर्षांचा आहे.

वकीलबाईंकडे धावत गेले. सांगितलं, ती बाई मिळाली, मी आहे, लिहून घ्या, मी काही पाहिलं नाही. त्यांनी मला पाणी दिलं. हळू आवाजात म्हणाल्या, ताई, तुम्ही तेव्हा सव्वीसच्या होतात, मागच्या बाकावर होतात, तसं कागदोपत्री आहे, आरडाओरडा केल्याबद्दल. दोन ठिकाणी एक माणूस कोर्ट कसं मानेल. भावासाठी बहीण काहीही बोलेल असं म्हणतील. मग म्हणाल्या, तुम्ही झोपत नाही का नीट.

खरं सांगायला गेले तर ते खोटं ठरतं. खोटं मात्र लाख लावून बावीस वर्षं जपून ठेवलं आहे.

१८ तारीख, मंगळवार

बाकीची पुडकी बघितली. एकशे बारा. एकशे एकोणीस. चपलेचं पुडकं. सगळ्यांवर मीच. मागच्या कोर्टातून आलेली एक ट्रंक आहे, तुरुंगाच्या भिंतीला लागून होतं त्या कोर्टातली. मी तेव्हा जन्मले नव्हते. तिच्यातही मीच.

किती जणांच्या बहिणी मागच्या बाकावर बसल्या असतील.

१९ तारीख, बुधवार

अंगठा द्यायचा नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं हेडक्लार्क आदळआपट करेल. तो म्हणाला, हरकत नाही, तुझे अंगठे आहेत की शिल्लक, नऊशे दिलेस.

म्हटलं, परत द्या. त्याने कपाट उघडलं. रिकामं. म्हणाला, लागले वाटतं. कुठे लागले, या इमारतीत दोनशेच्या वर पुडकी उघडलेली नाहीत. तो म्हणाला, बाई, लागले म्हणजे लागले, चिठ्ठी कुठे वाया जाते का. आणि पेनचं टोपण काढून लिहायला लागला.

लाखवाल्याला विचारलं. तो माझ्याकडे बघेना. म्हणाला, प्रत्येक इमारतीच्या शेवटी एक जण आणतात. मागचा हिशेब कोरा राहून चालत नाही. याआधीचा एक म्हातारा होता म्हणे, सही छान करायचा.

त्याचं काय झालं ते विचारलं तर भट्टीकडे निघून गेला.

२० तारीख, गुरुवार

दाराच्या फटीतून समन्स. माझं नाव, वय अठ्ठेचाळीस. खटला एकशे सत्तेचाळीस. उद्या सकाळी अकरा, खोली तीन.

खोली तीन बंद आहे. बाकं मीच बाहेर काढली, फरशी मीच धुतली, कुलूप होयबाने लावलं.

वकीलबाई म्हणाल्या, कुणीतरी चेष्टा केली असेल, जाऊ नका.

मी जाणार. त्यांनीच सांगितलं होतं ना, ती बाई एकदा म्हणाली पाहिजे. ती बाई उद्या म्हणेल. ते आंधळीचं वाक्य तेवढं तोंडातून जाऊ द्यायचं नाही. दुसरं काहीही म्हणायचं. मी काही पाहिलं नाही. मी काही पाहिलं नाही. पन्नास वेळा म्हणून बघितलं.

२१ तारीख, शुक्रवार, सकाळ

कोट घालायचा नाही असं ठरवलं होतं. कोटाशिवाय आत सोडत नाहीत म्हणून होयबा दारात उभा राहिला. घातला.

मी काही पाहिलं नाही.

शुक्रवार, दुपार

खोली भरलेली होती. बाकं जागेवर. पंखा फिरत होता, तो पंखा मी परवा उतरवून —

धाकटा आरोपीच्या पिंजऱ्यात होता. वीस वर्षांचा. छाती भरलेली. केसांना तेल. मी त्याच्याकडे बघून मान हलवली. त्याने ओळखलं नाही. कसं ओळखणार, त्याची ताई मागे बसली होती.

चिठ्ठी दाखवली. विचारलं, अंगठा तुमचाच ना. मी हो म्हटलं. खोटं कसं बोलू.

मग आपला वकील उठला. आपला. त्याला हेच हवं होतं, मी कबूल करावं एवढंच. पण विचारलं कसं — म्हणाला, तू अडाणी बाई, कुणी अंगठा पुढे कर म्हटलं की करतेस, तुला कागदातलं काय कळतं. सगळे हसले. हेडक्लार्क हसला. मला सही येते. मला सही येते हे कुणी —

मी म्हटलं, मी काय आंधळी आहे.

आणि मग पुढचंही. सगळं. माझ्याच तोंडाने, माझ्याच मस्तीत. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी माझ्या आत शिरलं नव्हतं. मीच होते.

मागून पोरगी ओरडली. तुझा हात झडो. मी वळले नाही. तिने काय नेसलं आहे ते मला माहीत होतं.

शुक्रवार, संध्याकाळ

खोली तीनला कुलूप. फटीतून बघितलं. रिकामी. धूळ. साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून दारापर्यंत पावलं उमटली आहेत, एकाच माणसाची. माझ्या चपलेची.

२२ तारीख

हात झडलेला नाही. अंगठा सुजला आहे. शाई जात नाही.

२४ तारीख, सोमवार

आठवलं.

तेव्हा साक्ष शुक्रवारी झाली होती आणि निकाल पुढच्या शुक्रवारी. मधे सात दिवस होते. ते सात दिवस मी रोज इथे येऊन पायरीवर बसायची.

म्हणजे निकाल अजून लागलेला नाही. त्या खोलीत नाही लागलेला. तो तिथे वीस वर्षांचा आहे आणि पोरगी पायरीवर आहे आणि शुक्रवार अठ्ठावीसला —

हेडक्लार्कला सांगितलं, मला साक्ष बदलायची आहे. तो म्हणाला, साक्ष एकदाच होते. म्हटलं, मग पुन्हा समन्स काढा. तो म्हणाला, कुणाच्या नावे, ती बाई सापडत नाही असा शेरा आहे. मी त्याच्यासमोर उभी होते. त्याने शेरा दाखवला. खाली अंगठा, शेरा खरा आहे म्हणून. माझाच.

२५ तारीख

पायरीवर पोरगी दिसली. पाठ. हाक मारली — उठून गेली. माझ्याच चालीने.

लाखवाला कामावर नाही. त्याच्या जागेवर मला बसवलं आहे.

२६ तारीख, बुधवार

हे पान फाडून हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवणार आहे. त्याची नक्कल वहीत राहील. सही करणार, अंगठा नाही, कितीही वेळ लागो.

साहेब, मी अर्ज करत नाही, विचारते आहे. खोली तीन उघडणार की नाही. मला साक्षीला उभं करणार की नाही. मी सांगणार आहे की मी कोऱ्या कागदावर अंगठा दिला, मी घाईत होते, मी काही पाहिलं नाही, मी अडाणी आहे. हसायचं तर हसा. या वेळी मी गप्प बसून हसू देईन. शुक्रवारी निकाल आहे, त्यानंतर मला कुठलंही उत्तर नको. उद्या गुरुवार, सत्तावीस तारीख, संध्याकाळी पाचच्या आत सांगा. तोंडी चालणार नाही, लेखी द्या, आणि त्यावर साक्षीदार म्हणून माझा अंगठा लावायचा नाही. पाच वाजेपर्यंत मी त्या दारापाशी उभी आहे. कुलूप उघडताय की मी ते फोडून —